भोवळ आणि स्याद्वाद

एकाच माणसाच्या एकाच आजारावर चार जाणकारांनी चार उपाय सांगितले, तर त्यांपैकी तिघे चुकलेच असले पाहिजेत का? तर्कशास्त्राच्या वर्गात हा प्रश्न सरावापुरता वाटेल, पण मेनियरचा विकार जडलेल्या माणसाला तो रोज सोडवावा लागतो. हा अंतर्कर्णाचा जुनाट आजार. एका कानाला दडा बसतो, त्यात घूं असा आवाज भरत जातो, ऐकू येणं मंदावतं आणि मग भोवळ येते. अशक्तपणाने डोळ्यांपुढे अंधारी येते तशी ही भोवळ नसते. खोली फिरू लागते, नजर एका जागी ठरत नाही, भिंतीचा आधार घेऊनही उभं राहता येत नाही, उलट्या होतात. आणि हे वीस मिनिटांपासून बारा तासांपर्यंत चालू राहू शकतं. झटका ओसरला की माणूस चारचौघांसारखा दिसतो, कामाला लागतो. पुढचा झटका नाशिकच्या द्वारका चौकात दुचाकीवर असताना येईल की रात्री अंथरुणात, हे त्याला कुणी सांगू शकत नाही. असा माणूस नाशिकमध्ये उपचाराला निघाला, तर एका दवाखान्यात मानेचा एक्स-रे काढून मणक्याचं दुखणं ठरू शकतं, दुसरीकडे बीटाहिस्टिनची गोळी मिळते, तिसरीकडे लघवी वाढवणारं औषध आणि मीठ तोडण्याचा सल्ला, चौथीकडे कानाच्या पडद्यातून स्टेरॉइडचं इंजेक्शन. पुढे कुणी जेंटामायसिन सुचवतो, कुणी शस्त्रक्रिया. वैद्य वाताचा प्रकोप मानून नस्य आणि कर्णपूरण सांगतो, होमिओपॅथ प्रकृती पाहून औषध ठरवतो. आणि या सर्वांच्या पदव्यांवर बहुधा एकाच विद्यापीठाचं नाव असतं. ते आहे १९९८ साली स्थापन झालेलं, नाशिकच्या दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला असलेलं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ.

अशा वेळी रोग्याच्या मनात जो प्रश्न उठतो तो औषधाचा कमी आणि प्रमाणाचा जास्त असतो: विश्वास कुणावर ठेवायचा, आणि कशाच्या जोरावर? माझं उत्तर असं की डॉक्टरांत मतभेद असणं हा वैद्यकाला लागलेला कलंक मुळीच नाही. मात्र आपलं मत हे अनेकांतलं एक आहे, ते अमुक अटींवर उभं आहे, हे रोग्यापासून झाकून ठेवणं हा दोष आहे. आणि तो केवळ वागणुकीचा नसून ज्ञानाचा दोष आहे. हे पटवण्यासाठी मला आजाराच्या इतिहासात आणि मग एका जुन्या भारतीय वादात शिरावं लागेल.

मतभेद आळसातून किंवा लोभातून उगवलेला नाही, हे आधी मान्य केलं पाहिजे. १८६१ च्या जानेवारीत पॅरिसच्या मूकबधिर संस्थेचे वैद्य प्रॉस्पेर मेनियर यांनी तिथल्या वैद्यक अकादमीपुढे मांडलं की ऐकू न येणं, कानातला आवाज आणि भोवळ या तिन्हींचं मूळ अंतर्कर्णात असू शकतं. तोवर असा झटका म्हणजे मेंदूत रक्त साकळणं अशी समजूत होती आणि उपाय म्हणजे रक्त काढणं, जुलाब देणं. आपल्याकडेही सुश्रुताच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग येतात, त्यांत कर्णनाद आणि बाधिर्य आहेत. भ्रम मात्र चरकाने वाताच्या विकारांत धरला आहे. एकाच रोग्याची गाऱ्हाणी तिकडे आणि इकडे वेगवेगळ्या खात्यांत मांडली जात होती. १९३८ साली लंडनमध्ये हॉलपाइक आणि केर्न्स यांनी, आणि त्याच सुमारास जपानमध्ये यामाकावा यांनी, मृत रोग्यांच्या कानाची हाडं तपासली तेव्हा आतल्या पडद्याच्या नळ्या द्रवाने फुगलेल्या आढळल्या. आता कारण सापडलं असं वाटलं. पण हा फुगवटा अशाही माणसांच्या कानात सापडला आहे ज्यांना हयातीत कधी भोवळ आली नव्हती. तेव्हा फुगवटा हे कारण आहे की कुठल्या तरी खोलवरच्या बिघाडाची खूण, याचा निकाल आजही लागलेला नाही. मुळावर घाव घालणारं औषध कुणाकडेच नाही. आहे ते सगळं झटके कमी करण्यासाठी.

आता पुराव्याकडे वळू, कारण इथे आजाराचा खरा स्वभाव दिसतो. डेन्मार्कमध्ये थॉमसेन आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली एक धाडसी प्रयोग प्रसिद्ध केला. ३० रोगी घेतले. निम्म्यांवर त्या काळी रूढ असलेली शस्त्रक्रिया केली: कानामागचं हाड कोरून अंतर्कर्णाच्या द्रवाच्या पिशवीपर्यंत पोचायचं आणि तिथे निचऱ्यासाठी छोटी नळी बसवायची. उरलेल्या निम्म्यांचं फक्त हाड कोरलं, पिशवीला हात न लावता जखम शिवून टाकली. आपल्याला कोणती शस्त्रक्रिया झाली हे रोग्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी रोजच्या रोज नोंदी ठेवल्या: भोवळ आली का, किती वेळ, कानात दडा होता का, आवाज होता का. वर्षाअखेरीस दोन्ही गटांतल्या बहुसंख्य रोग्यांना आराम पडलेला होता आणि गटांत म्हणावा असा फरक नव्हता. या आकड्यांची फेरमांडणी करून नंतर काहींनी वेगळा निष्कर्ष काढला, तो वाद मिटलेला नाही. पण नळी न बसवताही इतक्या लोकांना बरं वाटतं ही गोष्ट राहिलीच. १९८९ साली अमेरिकेत सिल्व्हरस्टीन आणि सहकाऱ्यांनी, शस्त्रक्रिया सुचवूनही ज्यांनी ती नाकारली त्यांचा मागोवा घेतला. दोन वर्षांत त्यांच्यापैकी ५७ टक्क्यांची भोवळ पूर्ण थांबली होती, सरासरी आठ वर्षांनी ७१ टक्क्यांची. आणि बीटाहिस्टिन, ज्याच्या पट्ट्या आपल्याकडे कोणत्याही केमिस्टच्या दुकानात मिळतात, त्याची कसोटी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत लागली: २२१ रोगी, नऊ महिने, तीन गट, एकाला कमी मात्रा, एकाला मोठी मात्रा, एकाला औषध नसलेली गोळी. झटके तिन्ही गटांत कमी झाले, आणि जवळजवळ सारखेच.

या आकड्यांचा अर्थ शांतपणे समजून घ्यायला हवा. हा आजार भरती-ओहोटीचा आहे, आणि माणूस उपाय शोधायला निघतो तो भरतीच्या टोकाला. त्यानंतर जे काही केलं जाईल, मग ती गोळी असो, नस्य असो, साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या असोत की त्र्यंबकेश्वरला केलेला विधी असो, त्याच्यामागून ओहोटी येण्याची शक्यता मोठीच असते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडावी, आणि फांदी कावळ्यानेच मोडली असं सर्वांनी मनापासून मानावं, तसं इथे घडतं. यात कुणी खोटं बोलत नाही. प्रत्येक डॉक्टरने आपल्या डोळ्यांनी रोगी बरे होताना पाहिलेले असतात, प्रत्येक रोग्याजवळ अनुभव असतो. प्रत्यक्ष हे प्रमाण इथे सगळ्यांच्याच बाजूने साक्ष देतं, आणि म्हणून कुणाच्याच बाजूने निकाल देऊ शकत नाही.

ही अडचण नवी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या दहाव्या अध्यायात मैत्रेय हाच मुद्दा आत्रेयांपुढे निर्भीडपणे मांडतो: वैद्य, औषध, परिचारक, रोगी हे चारही पाद उत्तम असताना काही रोगी वाचतात, काही मरतात, आणि यांपैकी काहीच नसतानाही काही वाचतात, काही मरतात, मग औषध देणं आणि न देणं यात फरक काय? आपल्या परंपरेला वैद्यावर आंधळी श्रद्धा हवी होती असं समजणाऱ्यांनी हा अध्याय जरूर वाचावा. आत्रेय चिडत नाहीत. त्यांचं उत्तर असं की स्वतःहून उठू शकणाऱ्या पडलेल्या माणसालाही कुणी हात दिला तर तो लवकर आणि कमी कष्टात उठतो. शिवाय कोणता आजार साध्य, कोणता असाध्य हे ओळखून वैद्याने काम करावं. या उत्तराची खरी ताकद मला अशी दिसते की त्यात तपासता येईल असा दावा आहे. लवकर, आणि कमी कष्टात. हात दिलेले आणि न दिलेले असे दोन्ही पाहिल्याशिवाय हे ठरवता येणार नाही. डेन्मार्कच्या शल्यविशारदांनी केलं ते मैत्रेयाच्या प्रश्नाला दिलेलं प्रामाणिक उत्तर होतं, भले ते त्यांच्या स्वतःच्या शस्त्रक्रियेला अडचणीचं ठरो. त्याच अध्यायात रोगांच्या वर्गवारीत ‘याप्य’ हा वर्ग येतो. याप्य म्हणजे मुळापासून न जाणारा, पण पथ्य आणि उपचार यांनी आटोक्यात ठेवता येणारा, थोड्या निमित्ताने पुन्हा उसळणारा रोग. मेनियरच्या विकाराला आज याहून नेमकी जागा देता येणार नाही.

आता मतभेदाच्या तत्त्वज्ञानाकडे. म्हसरूळला ज्या परिसरात आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, तिथेच जवळच्या टेकडीवर गजपंथ हे दिगंबर जैनांचं सिद्धक्षेत्र आहे. नाशिककर तिथल्या लेण्यांना चांभार लेणी म्हणतात. ही शेजारगाठ योगायोगाची आहे, पण विचाराला उपकारक आहे, कारण भिन्न मतांचं काय करायचं या प्रश्नावर भारतात सर्वांत चिकाटीने विचार जैन आचार्यांनी केला. त्यांच्या मते वस्तू अनेकधर्मात्मक असते आणि माणसाचं प्रत्येक विधान एका बाजूने, एका अपेक्षेने केलेलं असतं. त्या बाजूला नय म्हणतात. नय खोटा नसतो, पण तो स्वतःला पुरं सत्य समजू लागला, दुसऱ्या बाजूंचं अस्तित्वच नाकारू लागला, की दुर्नय होतो. समंतभद्रांनी आप्तमीमांसेत स्पष्ट बजावलं आहे की एकमेकांशी फारकत घेतलेले नय मिथ्या ठरतात आणि एकमेकांची दखल घेणारे नय कामाला येतात. स्याद्वाद म्हणजे आपल्या विधानाला त्याची अट जोडून बोलण्याची शिस्त. कानाच्या डॉक्टरने ‘या गोळीने बरं वाटेल’ असं म्हणणं वेगळं आणि ‘या गोळीचा धोका कमी आहे, काहींना बरं वाटतं, पण चाचण्यांत ती औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरलेली नाही, तरी तीन महिने घेऊन पाहू आणि झटके मोजू’ असं म्हणणं वेगळं. दोघे तीच पट्टी लिहून देत आहेत. पहिल्याचं ज्ञान मात्र दुर्नयाकडे झुकलं आहे.

स्याद्वादावरचा सर्वांत भारी आक्षेप शंकराचार्यांनी घेतलेला आहे, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात, दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात, ते विचारतात की एकाच वस्तूत परस्परविरुद्ध धर्म एकाच वेळी कसे राहतील. आणि ज्या शास्त्यालाच आपल्या उपदेशाचा निश्चय नाही, त्याच्या मागून जाणाऱ्यांनी कृती कशाच्या आधारावर करायची? दवाखान्यात हा आक्षेप अगदी जिवंत होतो. उलट्यांनी बेजार झालेल्या माणसाला स्याद्वादाचे सात भंग, म्हणजे अट जोडून केलेल्या विधानांचे सात प्रकार, ऐकायचे नसतात, त्याला कुणीतरी ‘हे घ्या’ म्हणायला हवं असतं. अनिश्चय सांगत बसणारा डॉक्टर त्याला उपयोगाचा नाही.

मला वाटतं, इथे शंकराचार्यांचा आक्षेप जैन मताच्या एका विकृत रूपाला लागू पडतो, मूळ मताला नाही. अट सांगणं म्हणजे डळमळणं नव्हे. ‘कदाचित आहे, कदाचित नाही’ असं म्हणणारा संशयात अडकलेला असतो. ‘या बाजूने आहे, त्या बाजूने नाही’ असं म्हणणारा दोन ठाम विधानं करत असतो. आणि अट जोडली की उपदेश अधिक ठाम होतो, हे या आजारातच पाहता येतं. प्रोक्लोरपेरझिनसारखी भोवळ दाबणारी गोळी झटका चालू असताना घ्यायची, हे ठामपणे सांगता येतं. तीच गोळी महिनोन्महिने रोज घेतली तर हातांना कंप, अंगाला ताठरपणा येऊ शकतो आणि मेंदूला नवा तोल शिकायला अडथळा होतो, हेही तितक्याच ठामपणे सांगता येतं. अट काढून टाकली की या दोन विधानांतून ‘चक्करेवर ही गोळी’ एवढंच उरतं, आणि मग कितीतरी रोग्यांच्या पिशवीत तीच चिठ्ठी वर्षभर फिरत राहते. तेव्हा कृतीचा आधार अटीमुळे जात नाही. अट गाळल्यामुळे जातो.

दुसरा आक्षेप वैद्यांकडून आणि अनुभवी डॉक्टरांकडूनही येतो. ते म्हणतात, उपचारांत फरक असणारच, किंबहुना असायलाच हवा. देश, काळ, वय, बल, प्रकृती पाहून औषध बदलावं हेच तर शास्त्र सांगतं. हे म्हणणं मला पूर्ण मान्य आहे आणि म्हणूनच त्याची कसोटी कडक लावली पाहिजे. फरक रोग्यामुळे पडला की दवाखान्यामुळे, एवढंच विचारायचं. उंच इमारतीच्या बाहेर झुल्यावर उभं राहून रंग देणाऱ्याला एक झटकाही परवडणार नाही. त्याच्या बाबतीत कानाचा धोका पत्करूनही भोवळ थांबवणारा उपाय लवकर निवडणं समजू शकतं. हा आजार आधी खर्जाकडचं ऐकणं पोखरतो, तेव्हा तानपुऱ्यावर गळा लावणाऱ्या गायिकेला उरलेलं ऐकणं जिवापाड जपावं लागेल. ती चार झटके सोसेल, पण कान पणाला लावणार नाही. या दोघांना वेगवेगळे उपचार मिळाले तर ते शहाणपण आहे. पण त्याच गायिकेला एका डॉक्टरकडे स्टेरॉइड आणि दुसऱ्याकडे, तिचा धंदा न विचारताच, ऐकणं घालवू शकणारं जेंटामायसिन मिळालं, तर ती व्यक्तिनिष्ठ चिकित्सा नाही. तो त्या डॉक्टरांच्या शिक्षणाचा, सवयीचा आणि हाताशी असलेल्या साधनांचा इतिहास आहे. जगभर हेच दिसतं. ब्रिटनमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ९४ टक्के कान-नाक-घसा तज्ज्ञ बीटाहिस्टिन देत होते. अमेरिकेत त्याच औषधाला १९६६ मध्ये मिळालेली मान्यता आधाराची माहिती सदोष ठरल्यामुळे काही वर्षांत काढून घेतली गेली. अटलांटिकच्या दोन किनाऱ्यांवरचे कान इतके वेगळे असणं शक्य नाही.

मिठाचं उदाहरण तर आपल्या स्वयंपाकघरातलं. ‘मीठ कमी करा’ हा सल्ला जवळजवळ सगळे देतात, आणि त्यामागचा पुरावाही तुटपुंजाच आहे. पण तो पाळला कसा जातो ते पाहा. घरात वरण-भाजीतलं मीठ निम्मं होतं, जेवण बेचव होतं, आणि सकाळची मिसळ, तिच्यासोबतचा पापड, फरसाण, पानातलं लोणचं जसंच्या तसं राहतं. खरं मीठ तिथे असतं. चातुर्मासात उपवासाला सैंधव चालतं म्हणून ते आजारालाही चालेल असं मानलं जातं, पण सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. मग महिन्याभराने झटका आला की डॉक्टर म्हणतो पथ्य पाळलं नाही, आणि रोगी म्हणतो पथ्याचा उपयोग झाला नाही. किती, कशातलं आणि किती दिवस ही अट कुणीच न सांगितल्यामुळे दोघांपैकी कुणालाच काही कळलेलं नसतं.

तिसरा आक्षेप सर्वांत मायेचा आहे. विश्वासच अर्धं औषध आहे, असं म्हणतात; डॉक्टरने आपलं अपुरेपण उघड केलं तर तो विश्वास ढळेल आणि रोग्याचं नुकसान होईल. चरकाने देवादिकांच्या आश्रयाने केलेले उपचार, युक्तीने योजलेले उपचार आणि मन सावरण्याचे उपचार असे तीन प्रकार मानले. मन सावरण्याला त्याने दुय्यम लेखलेलं नाही. भोवळीच्या भीतीने माणूस घराबाहेर पडणं सोडतो, भीतीने झटका आणखी असह्य होतो, हे खरं आहे. पण धीर देण्यासाठी खोट्या निश्चयाची गरज आहे का? या आजारात खरोखर धीराचं असं पुष्कळ आहे: हा पक्षाघात नाही, यात जीव जात नाही, झटका कितीही भयंकर वाटला तरी ओसरतो, वर्षं जातात तसे बहुतेकांचे झटके विरळ होतात, आणि एका कानाचा तोल गेला तरी व्यायामाने मेंदू दुसऱ्याच्या आधारे चालायला शिकतो. हे सगळं सत्य आहे आणि यावर विश्वास ठेवणाऱ्याला पुढे कधी फसल्यासारखं वाटणार नाही. उलट ‘माझ्या औषधाने शंभर टक्के जाईल’ या वाक्यावर ठेवलेला विश्वास पुढच्या झटक्याबरोबर कोसळतो, आणि त्या ढिगाऱ्याखाली पुढच्या डॉक्टरबद्दलचा विश्वासही सापडतो. श्रद्धेचंही तसंच आहे. त्र्यंबकेश्वरी पूजा करून ज्याला बळ मिळतं त्याच्या श्रद्धेला मी हात लावणार नाही. त्या श्रद्धेने गोळी किंवा श्रवण-तपासणी बंद करायला सांगितलं, किंवा तिने हमखास बरं करण्याचा दर लावला, की तीही दुर्नयच झाली.

शिवाय खोट्या निश्चयाची किंमत सगळीकडे सारखी नसते. बीटाहिस्टिन निरुपयोगी ठरलं तर पैसे गेले, थोडी जळजळ झाली. जेंटामायसिन अंतर्कर्णातल्या तोलाच्या पेशी मारतं. मेलेल्या पेशी परत येत नाहीत आणि काहींचं ऐकणंही जातं. लंडन आणि लेस्टरमध्ये झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६० रोग्यांना कानात एक तर जेंटामायसिन किंवा स्टेरॉइड दिलं होतं. दोन वर्षांच्या शेवटच्या सहा महिन्यांतले झटके आधीच्या सहा महिन्यांशी ताडून पाहिले, तर जेंटामायसिनच्या गटात ते ८७ टक्के घटले होते, स्टेरॉइडच्या गटात ९० टक्के. आता कुणी म्हणेल की रोगाच्या ओहोटीचा वाटा यातही असणार, आणि तो असेलच. पण म्हणूनच, जे पुन्हा उलटवता येत नाही ते आधी करू नये, हा नियम इथे तर्कानेच निघतो. आपलं ज्ञान जितकं अपुरं, तितकी आपली कृती मागे घेता येण्याजोगी असली पाहिजे. अहिंसेचा विचार अनेकांताशी जोडला जातो तो इथे मला पटतो. आपल्या बाजूचा हट्ट दुसऱ्याच्या शरीरावर कायमचा कोरणं ही हिंसाच आहे, हेतू कितीही चांगला असो.

कुणी उलट टोकाला जाऊन म्हणेल, मग एक नियमावली करा, सर्व डॉक्टरांना तीच सक्तीची करा. आयुर्वेद आणि होमिओपॅथी बाजूला सारा, म्हणजे गोंधळ मिटेल. गोंधळ मिटेल, अज्ञान मिटणार नाही. मेनियरच्या विकारावरच्या बहुतेक उपायांचा पुरावा कमकुवत आहे, हे २०२३ साली कॉक्रेनच्या आढाव्यांनी पुन्हा एकदा दाखवून दिलं, आणि ते आढावे आधुनिक वैद्यकाच्या उपायांचेच होते. कमकुवत पुराव्यावर सक्तीची एकवाक्यता उभारणं म्हणजे एका नयाला राजदंड देणं. याचा अर्थ सर्व शाखा सारख्याच बरोबर आहेत असा मात्र मुळीच नाही, आणि अनेकांताचा असा सोयीचा अर्थ लावणाऱ्यांशी माझं भांडण आहे. जे तपासून फोल ठरलं ते फोल. कानात हवेचा दाब देणारं यंत्र वापरू नये, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शिकेने स्पष्ट सांगितलं, आणि तसं सांगणंच योग्य होतं. नय टिकतो तो तपासणीला सामोरा जाऊन. ज्या उपायाची तुलना कधी कशाशी झालीच नाही, त्याला दुसऱ्या बाजूचा मान मागता येणार नाही. आणि ही अट वैद्यालाही लागू आहे, होमिओपॅथलाही, आणि शस्त्रक्रिया करणाऱ्यालाही.

रोग्यांनीही आपला वाटा ओळखला पाहिजे. ‘मला नक्की सांगता येत नाही’ म्हणणाऱ्या डॉक्टरला सोडून आपण छातीठोकपणे बोलणाऱ्याकडे जातो, आणि मग डॉक्टर छातीठोकपणे बोलायला शिकतात. दुसरा कान बिघडेल का, ऐकणं किती उरेल, या प्रश्नांना आजच्या घडीला उत्तर नाही. जैनांच्या सात भंगांत ‘अवक्तव्य’ हाही एक भंग आहे. तिथे गप्प राहण्याचा अधिकार डॉक्टरला दिला पाहिजे.

नाशिकला मात्र एक अशी गोष्ट करता येईल जी इतरत्र अवघड आहे. चरकाने विमानस्थानात वैद्यांच्या चर्चेचे दोन प्रकार सांगितले: एकमेकांना समजून घेण्यासाठी केलेली संधाय संभाषा आणि जिंकण्यासाठी केलेली विगृह्य संभाषा. आपल्याकडे शाखाशाखांत चालते ती बहुतेक दुसरी. २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर वर्षभराचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांना आधुनिक औषधं लिहू द्यावीत का, यावरचा वाद अजून कोर्ट आणि मोर्चे यांतच फिरतो आहे. पण म्हसरूळच्या विद्यापीठाच्या छत्राखाली आडगावचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, पंचवटीत गणेशवाडीचं आयुर्वेद महाविद्यालय आहे, होमिओपॅथीची महाविद्यालयं आहेत. या सर्वांच्या रुग्णालयांत येणाऱ्या मेनियरच्या रोग्याची एकच वही असावी: निदान २०१५ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनी, श्रवणालेख काढूनच, मग तारीख, झटक्याची वेळ, किती मिनिटं, कानात दडा होता का, कोणतं औषध चालू होतं, दर सहा महिन्यांनी पुन्हा श्रवणालेख. औषध ज्याने त्याने आपल्या शास्त्राप्रमाणे द्यावं, ते बदलावं लागलं तर का बदललं हे रोग्यासमोर लिहावं. ज्यांना फक्त माहिती, धीर आणि तोलाचे व्यायाम दिले, असाही एक गट असावा. आणि दोन वर्षं पुरी होण्याआधी कोणत्याही शाखेने आपल्या यशाचा आकडा छापू नये, कारण दोन वर्षांत निम्म्याहून अधिकांची भोवळ काही न करताही थांबल्याचं एकदा दिसलेलं आहे, आणि आपला आकडा त्याच्यापेक्षा किती वर आहे हे दाखवण्याची जबाबदारी प्रत्येकावर आहे.